आधी शॉकअप, मग स्प्रिंग

रोज रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर एकच गाडी चालवायची असेल तर पहिले पैसे शॉकअपवर घाला, स्प्रिंगचं नंतर बघू, हे मी हल्ली भेटेल त्याला सांगतो. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात, लोअरिंग स्प्रिंग स्वस्तात मिळतात, गाडी दोन बोटं खाली बसते, फोटो भारी येतात, आणि शॉकअप मात्र कंपनीचेच, तेही दमलेले.

माझी पोलो जीटी, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा). पुण्याहून कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर जायचं म्हणजे हजाराच्या वर किलोमीटर हायवे, मग २.१ किमीचा तो ट्रॅक, आणि त्याच गाडीने परत घरी. त्यामुळे फक्त ट्रॅकचा विचार करून चालतच नाही.

स्प्रिंग ठरवते गाडी किती झुकणार, शॉकअप ठरवतो किती पटकन झुकणार आणि सावरताना हेलकावे खाणार की नाही. शॉकअपचा जोर त्याच्या रॉडच्या वेगावर असतो. स्टिअरिंग वळवलं, ब्रेक दाबला की रॉड हळू सरकतो, खड्डा किंवा कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) आला की एकदम जोरात. आपल्याला हवा हळू हालचालीत घट्ट आणि जोराच्या धक्क्याला सैल सोडणारा शॉकअप, नाहीतर ट्रॅकवर मजा येईल पण खराब रस्त्यावर चाक जमिनीला टेकेल तेव्हा टेकेल.

आता आकडे बघा. समजा पुढच्या एका चाकावर, चाक-ब्रेकचं वजन सोडून, ३२५ किलो येतात. २५ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग लावली तर फ्रिक्वेन्सी, म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली हलते ती, १.४ हर्ट्झ, ५० ची लावली तर साधारण २. म्हणजे स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी फ्रिक्वेन्सी १.४ पटच वाढते, पण तोच जुना शॉकअप ठेवला तर डॅम्पिंग रेशो, म्हणजे हेलकावे किती लवकर थांबतात त्याचं माप, तेवढ्याच पटीने पडतो आणि गाडी वळणातून निघताना उसळायला लागते. साध्या रोड टायरवर मी ३५ च्या आसपास थांबेन, १.६५ हर्ट्झ होतात, घाटातही पाठ शाबूत राहते.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ट्रॅव्हल, चाकाला वर-खाली हलायला मिळणारी जागा. गाडी ३० मिमी खाली आणली की ते ३० मिमी थेट दबायच्या जागेतून जातात, मग भर वळणात बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) लागतो, तिथे स्प्रिंग एकदम कितीतरी पट कडक झाल्यासारखं होतं आणि पुढची चाकं सरळ निघतात. लोक दोष टायरला देतात!! शिवाय मॅकफर्सनमध्ये गाडी जास्त खाली आणली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) उलट्या कोनात जातो, रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतं, म्हणजे स्प्रिंग तीच असेल तर खाली बसलेली गाडी वळणात उलट जास्त झुकते. म्हणून १५-२० मिमी, त्याच्यापुढे नाही.

बिलस्टाईन कंपनीचे शॉकअप घेणार असाल तर स्टॉक उंचीला बी६, लोअर केलेल्या गाडीला बी८, तो मुळातच आखूड असतो. कोनी कंपनीच्या पिवळ्या स्पोर्ट शॉकअपमध्ये रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडतानाचा जोर) ॲडजस्ट होतो, स्प्रिंग बदलायचा विचार असेल तर हे फार कामाचं. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) घेताना एवढं नक्की विचारा की उंची खालच्या ब्रॅकेटवरून बदलते की फक्त स्प्रिंगच्या सीटवरून, कारण सीट खाली घेतली की ट्रॅव्हल पुन्हा गेलाच.

मागचं म्हणाल तर फ्रंट व्हील ड्राइव्हला मागची स्प्रिंग कडक केली की अंडरस्टिअर (स्टिअरिंग वळवूनही पुढची चाकं सरळ निघणं) कमी होतो, ट्रॅकवर ते फार छान वाटतं. पण ताम्हिणीत पावसात उतारावर पटकन ॲक्सिलरेटर सोडला तर तीच शेपूट बाहेर येते. म्हणून मागे एकच पायरी कडक, आणि उरलेला अंडरस्टिअर पुढच्या निगेटिव्ह कॅम्बरने (चाकाचा वरचा भाग आत झुकवून) काढायचा, दीड-दोन डिग्री मिळाली तर टायरची बाहेरची कडही वाचते.