तुम्ही विचारलंत म्हणून: फौजेनंतर डिझाइन कॉलेज कशाला?

सैन्यातून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याने पुढे काय करावे, याबद्दल आपल्याकडे लोकांची मते ठरलेली असतात. त्यांत एमबीए बसते, एखाद्या कंपनीतली सुरक्षाप्रमुखाची नोकरी बसते, पेट्रोलपंपही बसतो. डिझाइन कॉलेज मात्र बसत नाही. त्यामुळे शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची, दहा वर्षे पूर्ण करून मी पवईच्या आयडीसीत, म्हणजे मुंबई आयआयटीच्या डिझाइन विभागात, डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेलो हे कळले की समोरचा माणूस, मग तो जुना सहकारी असो की सोसायटीतले एखादे काका, हमखास विचारतो, "फौजेतला माणूस तिकडे कसा काय?"

मला लहानपणापासून चित्रकलेचा नाद असणार, अशी विचारणाऱ्याची अटकळ असते. तसा तो नव्हता. मी सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन शाखेत, होतो आणि या प्रश्नाचे खरे उत्तर उंचावरच्या एका ठाण्यावरच्या रेडिओ संचात आहे. हिवाळ्यात तिथे हातमोजे काढणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी ठेवणे, आणि संचाची गुंडी तर उघड्या बोटांनी फिरवण्याच्या बेताची. आमच्या एका ऑपरेटरने तिच्याभोवती काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून ती चांगली जाड केली होती आणि टेपचे टोक मुद्दाम दुमडून वर ठेवले होते, म्हणजे अंधारात, हातमोज्यातूनही, गुंडी कुठवर फिरली आहे ते चाचपून कळावे. सरकारी साहित्याला असे काही चिकटवणे नियमात बसत नाही. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री टेप निघायची आणि तपासणी अधिकाऱ्यांची गाडी उतरणीला लागली की पुन्हा चढायची. त्या जवानाने जे केले होते ती एक विद्या आहे, आणि ती शिकवणाऱ्या संस्था आपल्या देशात आहेत, हे मला पुढे बऱ्याच काळाने समजले.

सैन्याचा आणि डिझाइनचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांना मी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याची गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात जखमींच्या पायांना बांधल्या जाणाऱ्या धातूच्या स्प्लिंटमुळे, म्हणजे पाय हलू न देणाऱ्या आधारामुळे, स्ट्रेचरचे हादरे थेट जखमेपर्यंत पोचत. या दोघांनी १९४२ मध्ये अमेरिकी नौदलासाठी साच्यात वाकवलेल्या प्लायवूडचे स्प्लिंट तयार केले आणि ते लाखाहून अधिक संख्येने बनले. त्याच्या कडांच्या खाचांतून पट्ट्या ओवता येत, शिवाय त्याच खाचांमुळे वाकवताना प्लायवूडवर येणारा ताण कमी होई. एका कापात दोन कामे, हे मला आजही फार आवडते. याच दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

"फौजेतली शिस्त उपयोगी पडली असेल ना?" हा पुढचा प्रश्न. थोडी पडली, पण बावीस-तेवीस वर्षांची मुले काम रंगले की रात्र रात्र जागतात, त्यांना माझ्याकडून शिस्त शिकण्याची काही गरज नव्हती. त्याहून उपयोगी पडली ती सैन्यात 'अप्रिसिएशन' नावाने शिकवली जाणारी विचारपद्धत: आधी उद्दिष्ट, मग जमीन, वेळ, शत्रू आणि स्वतःचे बळ यांचा विचार, मग दोन्ही बाजूंना खुले असलेले मार्ग, आणि शेवटी एकाची निवड. डिझाइनमध्येही पुष्कळसे असेच चालते. फरक एवढाच, आणि तो पचायला मला सर्वांत जड गेला, की सैन्यात उद्दिष्ट वरून येते आणि त्यावर चर्चा नसते, तर इथे पहिला संशय उद्दिष्टावरच घ्यायचा असतो. एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागासाठी बाके करायचे काम आमच्या गटाकडे आले, तेव्हा प्राध्यापकांनी आम्हाला आधी तिथे नुसते बसवून ठेवले. असलेली बाके अर्धी रिकामी होती आणि लोक दाराशी गर्दी करून उभे होते, कारण आतून पुकारलेला नंबर बाकापर्यंत ऐकूच येत नव्हता. तिथे नव्या बाकाने काय साधणार होते?

आदेश देऊन झाले की "कोई शक?" असे विचारायची फौजेत पद्धत आहे, आणि तो प्रश्न शंका मागण्यासाठी नसून बैठक संपल्याची खूण असतो, हे तिथे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. डिझाइन कॉलेजात काम तपासणाऱ्या ज्युरीसमोर मात्र तुमचे बोलणे संपले की खऱ्या शंका सुरू होतात, आणि त्या विचारणारी वर्गमैत्रीण तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असते.

आता ज्यांना खरोखरच हा मार्ग धरायचा आहे त्यांच्यासाठी. डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीची सीड ही प्रवेशपरीक्षा मुंबई आयआयटी घेते. तिला वयाची अट नाही, कितीही वेळा बसता येते, पण गुण एकाच वर्षासाठी ग्राह्य धरतात. तीन वर्षांची पदवी असेल तर पात्रता होते. बारावीनंतरची यूसीड परीक्षा माजी सैनिकाच्या सहसा उपयोगाची नाही, कारण तिथे वयाची अट आहे आणि बारावी नुकतीच झालेली असावी लागते. म्हणून विचारणाऱ्या अग्निवीरांना मी सेवेत असतानाच इग्नूतून पदवी पुरी करायला सांगतो. पैशांचा विचार मात्र आधी करा. दहा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसला निवृत्तिवेतन नाही. माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत होणाऱ्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांच्या शुल्कातला मोठा वाटा सरकार उचलते, पण सीडने मिळणारा प्रवेश त्यात येत नाही. माझी दोन वर्षे ग्रॅच्युइटीवर आणि पत्नीच्या पगारावर निघाली, आणि त्या हिशेबात दुसऱ्या सत्रानंतर नवा लॅपटॉप बसत नव्हता, म्हणून शेवटपर्यंत जुन्यावरच भागवले.