अंगठ्याचा कागद

गेल्या गळीत हंगामात कागल तालुक्यात उतरलेल्या ऊसतोड टोळ्यांमध्ये मी प्रबंधासाठी मुलाखती घेतल्या. मनाच्या आजारावर या माणसांना उपचार मिळतात का, आणि मिळत नसतील तर गाडं नेमकं कुठं अडतं, एवढंच मला शोधायचं होतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहतात. ती पाहणी बारा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. आणि सहा महिने गावाबाहेर खोपीत काढणारी माणसं घरोघरच्या पाहणीत सापडणार तरी कशी?

एथिक्स कमिटीनं प्रस्ताव पहिल्या खेपेला परत पाठवला. मी नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार होते. तिचा नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. समितीनं विचारलं, "त्याला कुणी हो म्हणालं, तर त्या दिवशी तुम्ही काय करणार?" तेव्हा राग आला होता, पण प्रश्न अगदी रास्त होता. मग टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि सोबत मी स्वतः जाणार, असं सगळं लिहून दिलं. मंजुरी येईपर्यंत फड निम्मे मोकळे झाले होते.

पहिल्याच संध्याकाळी अडले. पाचटाच्या खोपीपुढं चूल पेटली होती, एक मावशी भाकरी थापत होत्या. मी माहितीपत्रक वाचून दाखवलं, संमतीच्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं केला. त्यांनी पिठाचा हात पदराआड घेतला.

"आंगठा नको मागू, ताई. मुकादमाला दिलाय एक, तेवढा बास."

मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेताना कागदावर अंगठा द्यायचा आणि हंगामभर ती फेडत राहायचं, हे त्यांना ठाऊक. माझा कागद त्यांना तसलाच दिसला. 'तुम्ही कधीही नाही म्हणू शकता' हे वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं होतं, पण अंगठा दिल्यावर नाही म्हणता येतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

पुन्हा समितीकडे गेले. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समितीच्या परवानगीनं, त्रयस्थ साक्षीदारासमोर तोंडी संमती घेण्याची सोय आहे, ती मागून घेतली. साक्षीदार मुकादम नको, ही अट मी स्वतः घातली. गावातल्या किराणा दुकानाच्या काकू तयार झाल्या. माहितीपत्रक ऐकून त्यांनीच आधी विचारलं, "रत्नागिरीला पाठवणार काय गं ह्यास्नी?" आमच्याकडं मनाचा दवाखाना म्हटला की जुन्या माणसांना अजून रत्नागिरीचं मनोरुग्णालयच आठवतं.

मुलाखती सुरू झाल्या तरी प्रश्नावली अडखळतच राहिली. 'गेल्या दोन आठवड्यांत झोप लागायला त्रास झाला का?' असं विचारलं की बायका एकमेकींकडं बघायच्या. एक म्हणाली, "झोप लागती की. झोपू देतंय कोण? दोन वाजता गाडी भराया उठायचं." थकवा आणि भूक या प्रश्नांचंही तेच. गुण वाढत होते, पण त्यातलं दुःख किती आणि कामाचे तास किती, हे आकड्यावरून कळेना. प्रश्न बदलायची मुभा नव्हती. म्हणून प्रत्येक उत्तराचं कारण त्यांच्याच शब्दांत वेगळ्या वहीत लिहू लागले. माझ्या मते खरं संशोधन त्या वहीतच आहे.

नवव्या प्रश्नाला एकीनं मान हलवली. ओळख पटेल असं सगळं वगळून, तिला विचारूनच हे लिहितेय. मी तिथूनच १४४१६ लावला, ती मराठीत बराच वेळ बोलली. सीपीआरला यायलाही तयार झाली. अडला तिचा नवरा, आणि तो काही वाईट माणूस नव्हता. नवराबायको मिळून एक कोयता. ती गेली की कोयता मोडला, खाडा पडला, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढले. माझ्या खर्चाच्या तक्त्यात एसटीचं भाडं होतं, पण खाड्याचा रकानाच नव्हता. ऊस तोडूनही गाड्या आल्या नाहीत, असा दिवस उजाडायला चार दिवस लागले. तोवर मी रोज संध्याकाळी खोपीवर जाऊन बसत होते.

ती गेली, गोळ्या सुरू झाल्या. हंगाम संपताना बीडच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून घेतली. ती तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी ठेवली.

यंदाचा प्रस्ताव समितीकडं गेलाय. खर्चाच्या तक्त्यात पहिली ओळ खाड्याची आहे.