टेबलावर कापून ठेवलेले तीन फिल्टर

नागपूरला वाडीत आमच्या ट्रान्सपोर्टचं वर्कशॉप आहे. मेंटेनन्स माझ्याकडे. गाड्या दोन तऱ्हेच्या. लांब पल्ल्याचे ट्रेलर समृद्धीवरून मुंबई-न्हावाशेवा करतात आणि टिपर वणी-घुग्गुसच्या कोळसा पट्ट्यात चालतात. इंजिन जवळपास सारखंच, पण दोघांचं आयुष्य अगदी वेगळं, आणि ऑईल फिल्टर निवडताना हेच विसरलं जातं.

जानेवारीतली सकाळ होती. नागपूरची थंडी तेव्हा हाडात शिरते. रात्री आलेल्या एका ट्रेलरचा ड्रायव्हर जॉबकार्ड लिहायला येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, सकाळी गाडी चालू केली का ऑईलची लाल लाईट पाच-सात सेकंद जातच नाही जी. मंग जाते. दिवसभर काहीच त्रास नाही."

अशी तक्रार आली की मी हातातलं काम सोडतो. पाच-सात सेकंद म्हणजे काय हे टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याला विचारावं. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि तो तरंगतो फक्त ऑईलच्या पातळ थरावर. तो थर रोज सकाळी उशिरा पोचत असेल तर टर्बो कधी जाईल एवढाच प्रश्न उरतो.

आमचे हेडमिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी लगेच निदान सांगून टाकलं: "पंप बसला साहेब, चेंबर खोलतो." चेंबर म्हणजे इंजिनाखालची ऑईलची टाकी. मी म्हटलं, "चाचा, आधी गेज लावा." गेज लावला. इंजिन गरम झाल्यावर आयडलला दीड बार, रेस दिल्यावर चारच्या वर. पंप ठणठणीत, बेअरिंगही ठीक. मग दाब येतो, पण उशिरा येतो, तो का?

त्याच लॉटची दुसरी गाडी रात्रीपासून शेजारी उभी होती. तिला सेल्फ न मारता आम्ही फिल्टर तसाच उतरवला. आमच्या इंजिनावर तो आडवा-तिरका बसतो, म्हणून काढताना ऑईल सांडतं आणि हेल्पर खाली ट्रे धरतो. त्या दिवशी ट्रेमध्ये कपभरही पडलं नाही. रात्रभरात ऑईल फिल्टरमधून उलट्या दिशेने चेंबरमध्ये उतरून गेलं होतं. सकाळी पंपाला आधी रिकामा डबा भरायचा, मग गॅलरी, म्हणजे इंजिनातल्या ऑईलच्या वाटा भरायच्या, तेव्हा कुठे दाब. फिल्टरच्या आत एक रबरी झडप असते, तिचं काम हेच ऑईल अडवायचं. ती काम करत नव्हती.

योगायोगाने त्याच सकाळी शेठजी वर्कशॉपला आले होते आणि केबिनमध्ये फिल्टरचा एक सेल्समन बसला होता. विषयही तोच. आम्ही नुकतंच चांगल्या प्रतीचं सीके-4 (डिझेल इंजिनासाठीचा एक दर्जा) ऑईल घेतलं होतं आणि ट्रेलरची ऑईल बदली 40 हजारांवरून 60 हजार किलोमीटरवर न्यायचा विचार चालला होता. कंपनी त्याला परवानगी देते, पण अट अशी की फिल्टरही तेवढा टिकणारा हवा. ऑईलवर सगळ्यांचं लक्ष असतं. फिल्टर मात्र स्पेअर पार्टवाल्याने दिला तो बसवतात. मी शेठजींना म्हटलं, "दहा मिनिटं बाहेर या, दाखवतो."

टेबलावर तीन फिल्टर ठेवले. एक, गाडीवरून उतरवलेला, 38 हजार चाललेला, बाजारातून स्वस्तात आलेला. दुसरा, सेल्समनने आणलेला नवा नमुना, डब्यावर मोठ्या अक्षरात 'लाँग लाईफ'. तिसरा, इंजिन कंपनीने लांब बदलीसाठी सांगितलेला, आमच्या स्टोअरमधला. तिन्ही कटरने कापले. हॅकसॉने कधीच कापू नये, लोखंडाचा कीस आत पडतो आणि मग इंजिनातला कोणता आणि आरीचा कोणता हे कळत नाही.

पहिल्यातली झडप काढून मी शेठजींच्या हातात दिली. काळं रबर, वाळलेल्या चामड्यासारखं कडक. त्यांनी अंगठ्याने वाकवलं आणि ते तडकलं. नवं असताना ते मऊच असतं, पण साधं नायट्राईल रबर गरम ऑईलमध्ये इतके हजार किलोमीटर शिजलं की कडक होतं, बसकण सोडतं. तिसऱ्या फिल्टरमधली झडप केशरी सिलिकॉनची होती. ती उष्णता जास्त काळ सोसते.

पण मला खरी भीती पुढे दिसली. पहिल्या फिल्टरच्या कागदाच्या घड्या एका बाजूला गोळा होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या, दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट. खालच्या टोपीचा गोंद एका जागी सुटला होता. ऑईल नेहमी सोप्या वाटेने जातं. अशी फट मिळाली की कागदातून कशाला जाईल? घड्या वाइसमध्ये दाबून ऑईल काढलं, पांढऱ्या फडक्यावर पसरल्या, चुंबक फिरवला. बारीक चकाकी होती, मोठे कण नव्हते. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बेअरिंगचे तुकडे असते तर त्याच दिवशी इंजिन उतरवावं लागलं असतं.

मग बायपास व्हॉल्व्ह दाखवला. फिल्टर चोंदला किंवा थंडीत ऑईल घट्ट असलं की फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ही स्प्रिंग उघडते आणि ऑईल न गाळताच इंजिनात जातं. असं असणं गरजेचंच आहे, कारण घाणेरडं ऑईल परवडलं, कोरडं बेअरिंग नाही. पण पहिल्या फिल्टरची स्प्रिंग नुसत्या करंगळीने दबत होती. म्हणजे गाडी कितीतरी वेळ न गाळलेल्या ऑईलवर पळत असणार. डॅशबोर्डवर याचा दिवा नाही. दाब बरोबर, सगळं छान, आणि लायनर, म्हणजे सिलेंडरचं आतलं अस्तर, मात्र घासत राहतो.

सेल्समन तरुण होता, विनयाने बोलत होता. म्हणाला, "सर, आमचा दहा मायक्रॉनचा आहे, 99 टक्के एफिशियन्सी." मी विचारलं, "99 टक्के कितव्या मायक्रॉनला? चाळीसला की दहाला?" त्याला सांगता येईना. यात त्याचा दोष मी धरत नाही, त्याला कंपनीने तेवढंच पाठ करून पाठवलं होतं. पण मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कणाचं माप; नुसता तो आकडा काही सांगत नाही. निम्मे कण सोडून देणारा फिल्टरही स्वतःला दहा मायक्रॉनचा म्हणवू शकतो. त्यासाठी बीटाचा आकडा पाहायचा. बीटा 75 म्हणजे त्या मापाचे 75 कण आले तर एक निसटतो, साधारण 98.7 टक्के. बीटा 2 म्हणजे निम्मे निसटतात. हे आयएसओ 4548-12 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत मोजतात, आणि त्याच चाचणीत दुसरा आकडा मिळतो, जो लांब बदलीसाठी जास्त महत्त्वाचा: चोंदायच्या आधी फिल्टर किती ग्रॅम घाण पोटात ठेवतो. फार बारीक गाळणारा पण लहान पोटाचा फिल्टर लवकर भरतो, आणि उरलेले हजारो किलोमीटर बायपास उघडा ठेवून फिरतो.

चाचा तोवर घड्या मोजत होते. नव्या नमुन्यात 48, आमच्या तिसऱ्यात 44. "साहेब, याच्यात तर जास्त आहेत!" त्यांचं निरीक्षण बरोबर, पण नमुन्यात साधा कागद होता, तिसऱ्यात जाळीचा आधार दिलेला सिंथेटिक तंतूंचा थर. तो खोलीतही कण धरतो आणि गरम ऑईलमध्ये लुळा पडत नाही. कागद कागदाशी तोलायचा असेल तरच घड्या मोजाव्यात.

शेठजींनी अपेक्षित प्रश्न विचारला: "फरक किती?" स्वस्तातला सहाशेचा, त्याचाच छापील कागद 20 हजार किलोमीटर सांगतो, म्हणजे किलोमीटरला तीन पैसे. आमचा तिसरा चौदाशेचा, तो 60 हजार चालला तर दोन पैशांच्या थोडा वर. त्यात गाडी उभी राहण्याच्या वेळा कमी, ते वेगळंच. आणि टर्बो किंवा क्रँक गेला तर हा हिशेब मांडायलाच नको. शेठजींनी तडकलेलं रबर खिशात घातलं आणि खरेदी विभागाकडे गेले. त्यानंतर चाचणीचा कागद न पाहता फिल्टर आलेला नाही.

त्या दिवशी मी एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हटलं. शेठजींना 60 हजार टिपरलाही लावायचे होते. टिपर लोडिंगच्या रांगेत इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभा असतो. किलोमीटर सरकत नाही, काजळी साचत राहते, आणि काजळीचे सुटे कण मायक्रॉनपेक्षा बारीक, ते कोणताही मुख्य फिल्टर धरत नाही. वर कोळशाची आणि रस्त्याची धूळ. टिपरची बदली आम्ही अवर मीटरवर 250 तासांनी करतो. एका टिपरच्या ऑईल रिपोर्टमध्ये सिलिकॉन (झडपेचं रबर नव्हे, धुळीतलं मूलद्रव्य) वाढलेलं आलं तेव्हा ऑईल फिल्टरला हात न लावता एअर क्लीनरनंतरचा होज तपासायला लावला. क्लॅम्प ढिला होता, धूळ थेट सिलेंडरमध्ये जात होती. तिथे जगातला महागडा ऑईल फिल्टरही कमीच पडला असता.

ट्रेलरनाही मी एकदम सोडलं नाही. आधी काहीच गाड्या घेतल्या, 40, 50 आणि 60 हजारांवर ऑईलचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. घट्टपणा, टीबीएन (ऑईलची आम्ल मारायची उरलेली ताकद), झिजेतून येणारं लोह, तांबं, शिसं, आणि काजळी. बहुतेकांचे आकडे शांत राहिले. एका गाडीचं लोह 50 नंतर चढत होतं, तिला 45 वर ठेवलं आहे आणि तिचा प्रत्येक उतरलेला फिल्टर कापला जातो. फिल्टर बसवायची पद्धतही भिंतीवर लिहून लावली: जुनी रिंग ब्लॉकला चिकटली नाही ना ते हाताने पाहायचं, नव्या रिंगला ऑईल लावायचं, टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा. बेल्ट पाना फक्त काढताना.

त्या सेल्समनचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. त्यांच्या कंपनीने सिलिकॉन झडपेचा नवा फिल्टर काढला आहे, चाचणीचा कागद पाठवतो म्हणाला. आकडे पटले तर नागपूर-अमरावती रोज येणाऱ्या एका गाडीला लावून पाहणार आहे, म्हणजे सकाळी पहिल्या सेल्फला मी स्वतः केबिनमध्ये बसू शकेन.