मुंग्यांनी पेरलेलं रतनपुरुष

“अरे, झाडांवर अळ्या पडल्यात. येताना औषध आणि पंप घेऊनच ये.” बेळगावातल्या टिळकवाडीच्या काकूंचा फोन सकाळी सातलाच आला. गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते. पंप न घेता निघालो, पण जिवात जीव नव्हता. बाग मीच करून दिलेली.

काकूंना फुलपाखरं, पक्षी येतील अशी बाग हवी होती आणि त्यात व्हायोलेट हवंच होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर थंडीत नर्सरीत मिळणारी पॅन्झी होती. ती दिसते देखणी, पण थंड मुलखातल्या व्हायोलेटांच्या संकरातून आलेली. आपला उन्हाळा तिला सोसत नाही. मी म्हटलं, आपल्या माळावरचं व्हायोलेट लावूया, रतनपुरुष. वीतभर रोप, आणि पाच पाकळ्यांतली खालची एकच मोठी, फावड्याच्या पात्यासारखी, जांभळट गुलाबी. लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘व्हायोला एनिआस्पर्मा’ असंच नाव दिलं होतं. पुढे त्याची प्रजाती बदलली, पण कूळ व्हायोलेटचंच राहिलं.

गेल्या वर्षी राजहंसगडाच्या बाजूच्या मुरमाड माळावरून चार रोपं मुळासकट आणली. चारही आठवड्यात माना टाकून गेली. मग बी गोळा करायला बसलो. ह्याचं बोंड वाळलं की तीन फाका होतात आणि फाका आवळत आवळत बी टणकन दूर उडवतात. आज हिरवं दिसलेलं बोंड उद्या रिकामं. शेवटी बोंडांना मलमलीच्या चिंध्या बांधून ठेवल्या, तेव्हा कुठे कागदाच्या दोन पुड्या भरल्या. एक पुडी काकूंच्या बागेत खास वाफा करून पेरली. माती चाळली, शेणखत घातलं, झारीने पाणी दिलं. एक कोंब आला नाही. काकू काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं होतं. तिथे मग झेंडू लावला.

त्या सकाळी भांगलणीला मावशी बरोबर होत्या. काकूंनी बोट दाखवलं ते वाफ्याकडे नव्हे, पार कुंपणाच्या कडेला, फरशीच्या फटीजवळ. तिथं मुंग्यांचं वारूळ आहे. त्याच्या तोंडाभोवती उकरलेल्या मातीवर पंधरा-वीस रोपं दाटीनं उभी, आणि त्यांवर तांबूस, काटेरी, चकचकीत अळ्या. निम्मी रोपं नुसते देठ राहिली होती. मावशी खुरपं घेऊन खाली बसल्या आणि हात तसाच थांबवला.

“हे काढायचं न्हाई गा. पुरुषरत्न हाय हे.” त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, तिकडं कन्नडात रतनपुरुषाला हेच नाव.

उरलेल्या शेंड्यांवर दोन जांभळी फुलं होती. मी ओंजळभर माती उचलून बघितली. वर्षभर ज्याला मी मेलेलं समजत होतो, ते बी इथं येऊन रुजलं होतं. ह्या बियांच्या टोकाला तेलकट पांढुरका गर असतो. मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात, गर खातात आणि बी वारुळाच्या कचऱ्यात टाकून देतात. माझ्या वाफ्यातून त्यांनी जवळजवळ सगळी पुडी उचलली असणार.

काकूंना अळ्यांची शिसारी आली होती, आणि ती येणारच. मी त्यांना स्टूल आणून दिलं. म्हटलं, दहा मिनिटं बसा. पाचव्या मिनिटाला नारिंगी पंखांचं, संथ उडणारं टॉनी कोस्टर फुलपाखरू आलं. ह्या अळ्या त्याच्याच. त्याला घाई नसते. अंगात कडू रस असल्यामुळे पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. मादी पानाखाली वळली आणि पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालत बराच वेळ तिथंच राहिली. जुन्या पुस्तकांत ह्या फुलपाखराचं नाव ‘ॲक्रिया व्हायोली’ आहे, म्हणजे व्हायोलेटचं. तेही मी काकूंना सांगितलं.

“मग झाडं संपली तर?” काकूंनी विचारलं.

बुंध्यातून परत फुटतात, हे मी माळावर पाहिलंय. तरी सगळीच फुटतील असं वचन दिलं नाही. काकू बराच वेळ अळ्यांकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन तिघांसाठी चहा घेऊन आल्या. औषधाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसरी पुडी अजून माझ्या पिशवीत होती, नव्या वाफ्यासाठी जपून ठेवलेली. निघण्याआधी ती मी वारुळापासून हातभर अंतरावर सोडली. मावशी गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. पहिली मुंगी आली, बी चाचपलं, ओढायला लागली. तिच्या मागून दुसरी आली.