घरचा मेल सर्व्हर, भुसावळ: येणारे मेल ५५४ देऊन परत का जात होते

या आठवड्यात सर्व्हरवरून जाणारे मेल सुरळीत होते, येणारे मात्र बंद. कळलं ते सावद्याच्या मामेभावाच्या फोनवरून. "दिल्लीचा व्यापारी म्हणतो केळीच्या गाडीचे कागद मेल केले, मले काबर नाही आले भाऊ?" येणाऱ्या मेलचं दुखणं हेच आहे. नाकारल्याचा निरोप पाठवणाऱ्याकडे जातो, ज्याला मेल हवा त्याला पत्ताच नसतो.

एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचे ती नोंद), पोर्ट २५ (मेल आत यायचं दार), राऊटरचं फॉरवर्डिंग असं एकेक तपासत बसण्यापेक्षा आधी मेल लॉग उघडावा. बाहेरच्या सर्व्हरांच्या 'कनेक्ट फ्रॉम' ओळी दिसल्या की हे तिन्ही प्रश्न एका फटक्यात मिटतात. इथे त्या भरपूर होत्या, आणि प्रत्येकीखाली 'नोक्यू: रिजेक्ट', कोड ५५४ ५.७.१ (कायमचा नकार), 'क्लायंट होस्ट ब्लॉक्ड'. म्हणजे अडवत होता आपलाच पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम), ब्लॉकलिस्टच्या (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीच्या) सांगण्यावरून. पण मोठमोठ्या मेल सेवांचे पत्ते एकाच दिवशी ब्लॉकलिस्टवर जातील कसे? ओळीच्या टोकाला कारणही लिहिलेलं होतं: 'एरर: ओपन रिझॉल्व्हर'. रिझॉल्व्हर म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर; ब्लॉकलिस्टलाही त्याच्यामार्फतच विचारतात.

मुळाशी जाण्याआधी सॉफ्ट बाउन्स 'येस' करून पोस्टफिक्स रीलोड केला. हे सगळ्यात आधी करा, बाकी सगळं नंतर. इकडे उन्हाळ्यात लाइट जाते, इन्व्हर्टरही बसतो, तरी मेल हरवत नाही. सर्व्हर सापडला नाही की पाठवणारा मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची मुदत मुळात ५ दिवसांची असते. ५५४ मिळालं की तो तिथेच थांबतो. चुकीचं 'नाही' म्हणणाऱ्या सर्व्हरपेक्षा बंद पडलेला सर्व्हर बरा. सॉफ्ट बाउन्समुळे ५ ने सुरू होणारे नकार ४ ने सुरू होतात आणि आपल्याला शोधायला वेळ मिळतो.

मग डिगने (रिझॉल्व्हरला प्रश्न विचारायच्या कमांडने) ब्लॉकलिस्टला एका पाठवणाऱ्याचा आयपी उलटा लिहून विचारला. उत्तर आलं १२७.२५५.२५५.२५४. पत्ता खरंच यादीत असता तर १२७.०.०.२ च्या आसपासचं काहीतरी आलं असतं. १२७.२५५ वालं उत्तर म्हणजे 'तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारताय, तसं चालत नाही'. पोस्टफिक्सला हा फरक कळत नाही. फिल्टर दिला नसेल तर कुठलंही उत्तर त्याच्या लेखी 'यादीत आहे' असंच.

सार्वजनिक रिझॉल्व्हर आला नव्या राऊटरमधून, डीएचसीपीने (मशीनला नेटवर्कची सेटिंग आपोआप देणाऱ्या सोयीने). पण राऊटर बदलून बरेच दिवस झाले होते, मग मेल आत्ताच का अडले? इथल्या डेबियनमध्ये (लिनक्सचा एक प्रकार) पोस्टफिक्सचे बरेच भाग क्रूटमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून तोडलेल्या फोल्डरमध्ये चालतात. रिझॉल्व्ह कॉन्फची (कुठला रिझॉल्व्हर वापरायचा ते सांगणाऱ्या फाइलची) वेगळी प्रत त्यांच्याकडे असते आणि ती ताजी होते पोस्टफिक्स सुरू होताना. लाइट गेली, मशीन पुन्हा उठलं, नवी प्रत आत गेली. कारण आणि लक्षण यांच्यात इतकं अंतर पडलं की माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

इलाज दुहेरी केला. मशीनवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला, रिझॉल्व्ह कॉन्फमध्ये १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) लिहून डीएचसीपीला ती फाइल बदलायची मनाई केली आणि पोस्टफिक्स रीस्टार्ट केला. नुसत्या रीलोडवर भागवू नका. शिवाय ब्लॉकलिस्टच्या नावापुढे =१२७.०.०.[२..११] जोडलं, म्हणजे उद्या रिझॉल्व्हर पुन्हा बदललाच तरी एररचं उत्तर नकार ठरणार नाही. अनबाउंडमधून १२७.०.०.२ हा चाचणीचा पत्ता विचारला तर तो बरोबर 'यादीत' निघाला. रांगेत थांबलेले मेल तासाभरात यायला लागले, तेव्हा सॉफ्ट बाउन्स काढून टाकला.

आधी ५५४ खाऊन परत गेलेले मेल आपोआप येणार नाहीत. पण 'नोक्यू'च्या ओळीत कुणाकडून कुणाला हे दोन्ही पत्ते असतात. ते ग्रेपने (लॉगमधून ओळी शोधणाऱ्या कमांडने) काढून ज्याची त्याची यादी ज्याला त्याला दिली. मामेभावाने व्यापाऱ्याकडून कागद पुन्हा मागवले, ते आले.

बॅकअप एमएक्स (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा दुसरा सर्व्हर) ठेवा असं अनेक जण सुचवतात. घरगुती सर्व्हरला तो नकोच असं माझं मत आहे. पाठवणाऱ्याची रांग पुरते आणि दुसऱ्या दारातून स्पॅम जास्त येतो. त्याऐवजी आता नकाराच्या ओळी तासातासाला मोजून, आकडा एकदम चढला की मोबाइलवर कळवणारी स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे.