जुनं एचएमटी घेताय? आधी डायल बघा

खडेबाजारात जुनं एचएमटीचं जनता किंवा पायलट घड्याळ हातात पडलं, की पट्ट्याकडे, काचेकडे बघू नका. ते कधीही बदलता येतात. आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग, लावून थेट डायल बघा. खरी छपाई बारीक आणि कडेला स्वच्छ असते. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं फुगतात, मिनिटांच्या रेघा अंकांपासून सरकतात, रंग काट्यांच्या भोकात उतरतो. पोपटी, गुलाबी, झगझगीत डायल म्हणजे बहुतेक वेळा नंतरचंच रंगकाम. देवनागरी अक्षरं दिसली म्हणून बिचकू नका, तशी घड्याळं कंपनीनंच काढली होती.

पायलटमध्ये काट्यांवरचा आणि अंकांवरचा अंधारात चमकणारा रंग (ज्याला 'रेडियम' म्हणतात) सारख्याच छटेचा हवा. काटे पांढरेफटक आणि अंक तपकिरी असतील, तर काटे बहुधा बदललेत.

मागचं झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. घड्याळवाला 'उघडलं तर बिघडेल' म्हणाला, तर सरळ उठा. आत मशीनवर एचएमटीचा शिक्का आणि १७ ज्वेल्स (चाकांच्या टोकांना बसवलेले खडे) लिहिलेलं हवं. स्क्रूच्या खाचा चुरगळलेल्या असतील, तर कुणीतरी धसमुसळेपणानं हात घातलाय. चावी भरताना करकर समान यावी. बॅलन्स चाक, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, डुगडुगत असेल तर त्याचा दांडा गेलाय.