विमान डावीकडेच का कलतं

नागपूरच्या धंतोलीतल्या एका सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरमध्ये ‘जॉयस्टिक’ नावाची वस्तूच नाही. यादीत कीबोर्ड आहे, माउस आहे, वेबकॅम आहे, स्पीकर आहे. काउंटरवरच्या पोराने माझी जॉयस्टिक, म्हणजे गेममधलं विमान वळवायची दांडी, उलटीपालटी करून पाहिली, ‘माउस – इतर’ निवडलं आणि तक्रारीच्या रकान्यात टाइप केलं, ‘गेम नीट चालत नाही’. मी म्हटलं, भाऊ, गेम नीट चालतो, जॉयस्टिक नीट चालत नाही. तो म्हणाला, “तेच तर लिहिलं ना सर.”

या गोष्टीला वर्ष होत आलं, राग काही उतरला नाही. मित्रमंडळी विचारतात, जुने लढाऊ विमानांचे गेम पीसीवर खेळायचे तर कोणते घ्यायचे, कुठून सुरुवात करायची. ते सांगतोच, पण या काउंटरवरून जाऊनच सांगावं लागेल.

गेम मिळवणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट निघाली. दिवाळीच्या साफसफाईत कॉलेजच्या काळातलं सीडीचं पाऊच सापडलं आणि किडा वळवळला. त्या सीडींच्या नादी मात्र लागू नका. त्या काळच्या बऱ्याच सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, आणि ते उघडणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० पासून बंदच केला. सीडी खरी, विकत घेतलेली, तरी गेम उघडणार नाही. काहींचा इन्स्टॉलरच १६ बिटचा असतो, तो ६४ बिटच्या विंडोजवर जागचा हलत नाही. माझा एक अख्खा रविवार यात गेला. त्यापेक्षा जीओजी किंवा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानांत सेल लागू द्या आणि तिथून घ्या. पिझ्झ्याच्या पैशात येतात.

पहिला गेम डोळे मिटून ‘आयएल-टू स्टर्मोविक : १९४६’, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा. मूळ आयएल-टू २००१ चा, ओलेग मॅडॉक्स यांच्या रशियन चमूचा. नंतरचे बहुतेक सगळे भाग एकत्र बांधून २००६ मध्ये हा ‘१९४६’ आला. साध्या लॅपटॉपवर पळतो. यातल्या डिफिकल्टीच्या पानावर एकेक खटका वेगळा बंद-चालू करता येतो. इंजिन तापणं नको, बंद करा. गोळ्या संपायला नको, बंद करा. नवीन माणसाला यासारखी सोय नाही. क्विक मिशनमध्ये जा, समोर एकच विमान ठेवा, आठवडाभर त्याच्याच मागे लागा. मोहिमा नंतर.

मी मात्र शहाणा. पहिल्याच दिवशी सगळं ‘फुल रिअल’ आणि विमान जर्मन मेसरश्मिट १०९. धावपट्टीवर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढे केलं की विमान डावीकडे ओढायचं, वर गेल्यावरही डावा पंख खाली. मी खूश! कारण वाचून माहीत होतं, या विमानाचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्या जोराने विमान डावीकडे जातं, आणि उजवा पाय रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पेडलवर, ठेवावा लागतो. तीन आठवडे मी उजवीकडे रेटत बसलो आणि बायकोला सांगत राहिलो की बघ, किती खरं केलंय.

मग डीसीएस वर्ल्ड उतरवला. हा क्लासिक नाही, पण खानदान जुनं आहे. ज्यांनी १९९५ मध्ये ‘एसयू-२७ फ्लँकर’ आणि २००३ मध्ये ‘लॉक ऑन’ केला, त्याच ईगल डायनॅमिक्सचा. फुकट आहे आणि सोबत सुखोई-२५टी फुकट मिळतं. दोन जेट इंजिनं, पुढे पंखाच नाही. हे विमानही डावीकडे कललं.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. परत आयएल-टूमध्ये जाऊन टॉर्कचा, म्हणजे पंख्याच्या त्या ओढीचा, खटका बंद केला. मेसरश्मिट तरीही डावीकडेच. म्हणजे खोट जॉयस्टिकमध्येच. तुम्ही हे पहिल्या दिवशी करा, तीन आठवड्यांनी नाही. त्याहून सोपी तपासणी म्हणजे विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) टाइप करा, प्रॉपर्टीजमध्ये जा. एका चौकोनात अधिकचं छोटं चिन्ह दिसतं. जॉयस्टिकवरून हात काढल्यावर ते मधोमध गपगार उभं राहायला पाहिजे. माझं मधापासून बोटभर डावीकडे, आणि पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखं तडफडत होतं. तीनदा कॅलिब्रेट केलं. मधला बिंदू सरकला, तडफड तशीच.

वॉरंटीचे चार महिने बाकी होते. म्हणून धंतोली.

पहिली फेरी मेच्या पहिल्या आठवड्यात. मनीषनगरहून निघालो, उज्ज्वलनगरला मेट्रो धरली, काँग्रेसनगरला उतरून पायी. दुपारी बारा, ऊन डोक्यावर हातोडे मारून राहिलं होतं. काउंटरवर कळलं की बिल माझ्या साळ्याच्या नावावर आहे, कारण सेलमध्ये त्याच्या खात्यातून मागवली होती. “ज्यांच्या नावावर बिल आहे त्यांनाच यावं लागेल सर.” साळा चंद्रपूरला. मी म्हटलं, त्याचं पत्र आणतो. “पत्र नाही चालत सर, ईमेल चालतो.” तिथेच उभा राहून साळ्याला फोन लावला, तर साहेब झोपलेले. ईमेल यायला दुपारचे तीन वाजले. तोवर मी त्यांच्या एसीत बसलो होतो, तेवढीच वसुली. मग ती ‘माउस – इतर’वाली पावती.

अकरा दिवसांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’. मी आनंदाने गेलो. डबा तोच, टेप नवी, आणि जॉयस्टिकच्या बुडाला एक पांढरं स्टिकर, ‘नो फॉल्ट फाउंड’. विचारलं, तपासलं कसं? त्याने समोरच जॉयस्टिक लावून दाखवली. कॉम्प्युटर टुंग वाजला, जॉयस्टिकचा दिवा लागला. “चालू आहे ना सर.” म्हणजे अकरा दिवसांत फक्त दिवा पाहिला होता! मी म्हटलं, दोन मिनिटं कीबोर्ड द्या, जॉय डॉट सीपीएल उघडून दाखवतो. कस्टमरला कॉम्प्युटरला हात लावायची परमिशन नाही. मग तुम्ही टाइप करा, मी स्पेलिंग सांगतो. आमच्या सिस्टिमला ते लॉक आहे. बरं, मग मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. त्याने तडफडणारं चिन्ह पाहिलं, अगदी मन लावून पाहिलं, आणि म्हणाला, “हे सॉफ्टवेअर इश्यू वाटून राहिलं सर.”

तिसरी फेरी मेअखेरच्या नवतप्यात. यावेळी घरून पानभर अर्ज लिहून नेला. कोणत्या अक्षावर किती उडी, कधीपासून, कॅलिब्रेशन किती वेळा केलं. पोराने तो घडी करून डब्यात टाकला आणि रकान्यात पुन्हा तेच, ‘गेम नीट चालत नाही’. त्याचाही दोष नसावा, त्या रकान्यात तीस अक्षरांच्या पुढे जाताच येत नव्हतं. मी डोकावून मोजलं. नऊ दिवसांनी दुसरं स्टिकर पहिल्याच्या शेजारी.

या वीस दिवसांत जॉयस्टिकशिवाय हात शिवशिवायचे, म्हणून ‘रेड बॅरन’ काढला. डायनॅमिक्स (Dynamix) या वेगळ्याच कंपनीचा, १९९० चा, पहिल्या महायुद्धातली दोन पंखी विमानं. कीबोर्डवर छान खेळता येतो. ज्यांना जॉयस्टिकवर खर्च करायचा नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं आता वाटतं. जुने डॉसचे गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये चालतो, विमान माशीसारखं पळायला लागलं तर कंट्रोल आणि एफ-११ दाबत वेग उतरवा, एफ-१२ ने चढतो. कोरियन युद्धातल्या सेबर आणि मिग-१५ या जेट विमानांच्या झुंजी आवडत असतील तर १९९९ चा ‘मिग ॲली’ही शोधा, पण त्याला कीबोर्ड पुरत नाही.

सुटका झाली ती शेजारच्या काकांमुळे. काका हवाई दलातून टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले, शेवटची पोस्टिंग इथेच वायुसेनानगरला. संध्याकाळी अंगणात पाणी मारताना मी त्यांना स्टिकरं दाखवली. त्यांनी जॉयस्टिक कानाजवळ नेऊन हळूच डावी-उजवी केली.

“पॉट गेला असंल. कूलरसमोर ठेवतो का रे बाबू?”

ठेवत होतो.

पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत जाणारी पत्र्याची जीभ. मध्ये धूळ बसली किंवा पट्टी झिजली की सिग्नल उड्या मारतो. काका म्हणाले, बर्डीच्या बाजारातून काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे आण, डब्लूडी-४० नको आणू. दोनशे ऐंशीचा कॅन आला. स्टिकरांखाली दोन स्क्रू लपले होते, स्टिकर फाडताना जो आनंद झाला तो काय सांगू. वॉरंटी गेली तर गेली. आत राखाडी बारीक माती, कूलरच्या गवताचं एक कूसही. पॉटच्या फटीत दोन फवारे, मग दांडी पन्नास वेळा इकडून तिकडे, मोजून. अर्धा तास वाळू दिलं. जॉय डॉट सीपीएल उघडलं, चिन्ह मधोमध, ढिम्म.

मध्यंतरी मी आयएल-टूच्या इनपुट सेटिंगमध्ये फिल्टरिंगचा स्लायडर चढवूनही पाहिला होता. तडफड लपते, पण विमान बैलगाडीसारखं वळतं. ते करू नका. नवीन जॉयस्टिक घेणार असाल तर दुकानदाराला एकच विचारा, हॉल सेन्सर आहे का. त्यात चुंबक असतं, घासायला काही नसतं. दिवाळीत मी तीच घेतली, स्वतःच्या नावावर बिल करून.

आणि हात बसला की ‘फाल्कन ४.०’. मायक्रोप्रोझ, डिसेंबर १९९८, सोबत सहाशे पानांच्या आसपासचं मॅन्युअल. एफ-१६ आणि कोरियातलं एक कल्पित युद्ध. तुम्ही उडा की झोपा, युद्ध आपल्या गतीने चालू राहतं. जो पूल तुम्ही पाडला नाही त्याच्यावरून रणगाडे येतात. मूळ गेम विकत घ्या आणि मगच बीएमएस टाका. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं राबून केलेलं हे रूप फुकट आहे, पण मूळ फाल्कन मशीनवर असल्याशिवाय चढत नाही. पहिल्या रात्री मी फक्त इंजिन चालू करायला शिकलो. जेएफएस, म्हणजे इंजिनाचा स्टार्टर, ‘स्टार्ट टू’वर, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, वीस टक्क्यांवर आले की थ्रॉटल आयडलला. चौथ्या खेपेला इंजिन धरलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

गेल्या आठवड्यात साळा आला होता. जेवताना सहज म्हणाला, भाऊजी, त्या सर्व्हिस सेंटरवाल्यांचा फोन आला होता, सेवा कशी वाटली म्हणून. बिल त्याच्या नावावर ना.

“मग काय सांगितलं?”

“पाच स्टार दिले. बिचारी पोरगी फार गोड बोलत होती.”